साधी फाइल की डेटाबेस? घरच्या प्रोग्रामची माहिती ठेवायची कुठे

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. हौस म्हणून प्रोग्राम लिहिणारी माणसं, म्हणजे आपण सगळे, कधी ना कधी या प्रश्नाशी येऊन थांबतो: माहिती साध्या फाइलीत लिहायची, की डेटाबेस घ्यायचा? यावर चहा पिता पिता तासभर वाद घालता येतो, आम्हीही घातलेला आहे. पण हा प्रश्न किरकोळ नाही हे आम्हाला ज्या दिवशी कळलं, तिथूनच सुरुवात करू.

आमच्या गावच्या वाचनालयासाठी आम्ही तिघांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. पुस्तकं सुमारे ४,२००, सभासद तीनशेच्या आसपास. कोणतं पुस्तक कोणी, कधी नेलं, कधी परत केलं, एवढीच देवघेवीची नोंद. पायथनमध्ये लिहिला, सगळी माहिती एका जेसन फाइलीत. प्रोग्राम सुरू झाला की फाइल वाचायची, नोंद बदलली की सगळी फाइल पुन्हा लिहायची. दोन वर्षं उत्तम चाललं. मग जूनमधली एक संध्याकाळ, बाहेर पाऊस, आत पुस्तकं बदलायला गर्दी, आणि लाइट गेली. अर्ध्या तासाने आली. संगणक सुरू केला, फाइल जागेवर होती, नाव तेच, आणि आकार शून्य बाइट.

शेवटची प्रत सव्वा महिन्यापूर्वीची होती. म्हणजे सव्वा महिन्यात कोणी काय नेलं आणि काय परत केलं, ते गेलं. काही पुस्तकं परत आली नाहीत, ते एकवेळ सोडा. पण जुन्या प्रतीवरून आम्ही यादी काढली आणि सभासदांना फोन केले. एका आजोबांना आम्ही सांगितलं की तुमच्याकडे तीन पुस्तकं बाकी आहेत. ते म्हणाले, मी ती महिन्यापूर्वीच आणून दिली. आम्ही म्हटलं, नोंद नाही. दुसऱ्या दिवशी ती तिन्ही पुस्तकं कपाटातच सापडली. आम्ही घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला, आणि पुढच्या महिन्यात वर्गणी भरली नाही. पुन्हा आलेच नाहीत.

तेव्हा आज आपण हा प्रश्न त्या बाजूने बघू. ‘माहिती किती आहे’ हा मोजायचा मुद्दा नाही, निदान पहिला तरी नाही. पहिला मुद्दा असा की लिहिता लिहिता मध्येच काही बिघडलं तर काय उरतं. आणि दुसरा, या माहितीला तुम्ही पुढे कोणते प्रश्न विचारणार आहात.

आधी साध्या फाइलीची बाजू घेऊ, कारण आमच्या अनुभवावरून ‘फाइल वाईट, डेटाबेस चांगला’ असा कोणी अर्थ काढेल, आणि तो चुकीचा आहे.

आमच्यातल्या एकाच्या घरी अंगणात पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या मोजणीच्या वेळेला, तो पाऊस मोजतो आणि फाइलीत एक ओळ लिहितो: तारीख, स्वल्पविराम, मिलिमीटर. झालं. एका ओळीला वीस बाइट धरा. वर्षाला ३६५ ओळी, तीस वर्षांच्या १०,९५०. म्हणजे सगळे मिळून २ लाख १९ हजार बाइट. तुमच्या फोनवरचा एक फोटो याच्या दसपट मोठा असतो. ही माहिती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही संपादकात उघडते. डोळ्यांनी वाचता येते. चूक झाली तर हाताने दुरुस्त करता येते. गिटमध्ये ठेवली तर कोणत्या दिवशी कोणती ओळ बदलली ते दिसतं. या कामाला डेटाबेस लावणं म्हणजे भेळेला ताट-वाटी मांडण्यासारखं आहे.

आणि त्यातली खरी सोय आणखी वेगळी आहे. या फाइलीत जुनं काही बदलत नाही, फक्त शेवटी भर पडते. लिहिताना लाइट गेली तर फार तर आजची ओळ अर्धी राहील. मागची तीस वर्षं कोणी पुसत नाही. नोंदवहीत खाली एक ओळ लिहिताना पेन तुटलं तर वरच्या ओळी जात नाहीत, तसंच.

साध्या फाइली पोरखेळ आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी युनिक्समधली पासवर्ड फाइल आठवावी. प्रत्येक वापरकर्त्याची एक ओळ, मध्ये अपूर्णविराम: नाव, क्रमांक, घरची फोल्डर, वगैरे. १९७० च्या दशकापासून ही फाइल आहे आणि आज लिनक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या यंत्रात ती आहे. पण एक गोष्ट बघा. ती फाइल हाताने थेट बदलू नये म्हणून वेगळी आज्ञा दिलेली आहे. ती आज्ञा आधी कुलूप लावते, प्रतीवर काम करू देते, आणि शेवटी प्रत मूळ जागी सरकवते. म्हणजे फाइल साधी असली तरी ती लिहिण्याची पद्धत साधी नाही. आमची चूक नेमकी इथे होती.

आता ती चूक उलगडून बघू, कारण ती आजही हजारो घरगुती प्रोग्राममध्ये आहे.

फाइल लिहिण्यासाठी उघडली की पहिल्यांदा काय होतं? ती रिकामी होते. जुना मजकूर आधी जातो, नवा नंतर येतो. या दोन्हींच्या मध्ये एक फट असते. आम्ही म्हणायचो, फट केवढी, सेकंदाचा हजारावा भाग! पण तसं नाही. तुमचा प्रोग्राम ‘लिहिलं’ म्हणतो तेव्हा मजकूर तबकडीवर गेलेला नसतो. तो ऑपरेटिंग सिस्टमच्या स्मृतीत असतो, आणि सिस्टम सवडीने तो खाली उतरवते. ही सवड कित्येक सेकंदांची असू शकते. गर्दीच्या संध्याकाळी दर मिनिटाला दोन-तीन नोंदी होत असतील, तर त्या फटीत सापडणं फार अवघड नाही.

यात आम्ही एकटे नव्हतो, एवढंच समाधान. २००९ साली लिनक्सच्या जगात यावरून मोठं वादळ झालं होतं. ईएक्सटी४ ही तेव्हाची नवी फाइल सिस्टम वापरणाऱ्या लोकांचा संगणक मध्येच बंद पडला, की पुन्हा सुरू केल्यावर त्यांच्या डेस्कटॉपच्या मांडणीच्या फाइली शून्य बाइटच्या सापडायच्या. थिओडोर त्सो हे तिचे एक प्रमुख रचनाकार. त्यांचं म्हणणं असं की, सिस्टमचे नियम पाहिले तर आम्ही चुकलेलो नाही. मजकूर तबकडीवर उतरला पाहिजे असं वाटत असेल तर प्रोग्रामने तसं स्पष्ट सांगायला हवं. लोकांचं म्हणणं, जुनी ईएक्सटी३ तर असं करत नव्हती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी त्सो यांनी नेहमीच्या काही प्रसंगांत मजकूर लवकर उतरेल अशी सोय करून दिली, पण मूळ नियम बदलला नाही: उतरव म्हणून सांगितलं नाही, तर उतरल्याची खात्री धरू नका.

मग बरोबर रीत कोणती? नवा मजकूर त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या, तात्पुरत्या नावाच्या फाइलीत लिहा. एफसिंक नावाची सूचना देऊन तो खरोखर तबकडीवर उतरवा. मग त्या फाइलीला मूळ फाइलीचं नाव द्या. नाव बदलण्याची क्रिया एकसंध असते: एक तर जुनी फाइल दिसेल, नाही तर नवी, मधली अर्धवट अवस्था नाही. पायथनमध्ये यासाठी ओएस विभागात रिप्लेस नावाचं फंक्शन आहे. सगळं मिळून चार-पाच ओळी. त्या चार-पाच ओळी आम्ही लिहिल्या असत्या तर आजोबा अजून वाचनालयात येत असते.

तेव्हा ज्यांचा प्रोग्राम जेसन किंवा सीएसव्हीवर चालतो आहे आणि एकच माणूस, एकच संगणक वापरतो आहे, त्यांनी घरी गेल्यावर आधी एवढं करावं. डेटाबेस घेण्याची घाई नाही.

पण वाचनालयात एक संगणक नव्हता, दोन होते. देवघेवीच्या टेबलावर एक, आणि नवी पुस्तकं दाखल करण्यासाठी आतल्या खोलीत एक. फाइल दोघांच्या सामायिक फोल्डरमध्ये. आतल्या ताईंनी दहा वाजता फाइल उघडली. बाहेर दहा वाजून पाच मिनिटांनी एक पुस्तक गेलं, नोंद झाली. दहा वाजून दहा मिनिटांनी ताईंनी नवं पुस्तक टाकून जतन केलं. त्यांच्याकडे तर दहा वाजताची अवस्था होती. बाहेरची नोंद पुसली गेली, कोणालाही काही कळलं नाही, कसलाही त्रुटीचा संदेश नाही. इथे वर सांगितलेली तात्पुरत्या फाइलीची रीत काही उपयोगाची नाही, कारण प्रत्येक फाइल आपापल्या जागी पूर्ण आणि शुद्धच होती. हा त्रास लाइट जाण्यापेक्षा वाईट, कारण तो दिसत नाही.

आणि प्रश्न विचारण्याचा भाग. समितीने विचारलं, गेल्या वर्षभरात एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं कोणती? कपाटं भरली होती, काही काढून टाकायची होती. आमच्या फाइलीत प्रत्येक देवघेवीच्या नोंदीत सभासदाचं पूर्ण नाव आणि पुस्तकाचं पूर्ण नाव पुन्हा पुन्हा लिहिलेलं. एका सभासदाचं नाव कुठे ‘वैजयंती’, कुठे ‘वैजयन्ती’, कुठे आडनाव आधी. पाच मिनिटांच्या प्रश्नाला आम्ही पूर्ण रविवार घालवला, आणि उत्तरावर आमचाच विश्वास नव्हता.

यावरचं उत्तर जुनं आहे. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एक निबंध प्रसिद्ध केला, त्यातून आजचे रिलेशनल डेटाबेस आले. आपल्या कामापुरता त्यातला विचार असा: एक गोष्ट एकाच जागी लिहा, आणि बाकीच्या ठिकाणी तिचा क्रमांक लिहा. पुस्तकांचा एक तक्ता, सभासदांचा एक, देवघेवीचा एक. देवघेवीच्या तक्त्यात फक्त पुस्तकाचा दाखल क्रमांक, सभासद क्रमांक आणि दोन तारखा. सभासदाचा फोन बदलला, एका जागी बदला. आणि प्रश्न विचारताना ‘कसं शोधायचं’ ते सांगायचं नाही, ‘काय हवं’ ते सांगायचं. न गेलेल्या पुस्तकांचा तो रविवारभराचा प्रश्न आता एसक्यूएलच्या चार ओळींचा आहे.

तुमच्या माहितीत असे एकमेकांना धरून असलेले तक्ते आहेत का, हे ओळखायची आमची खूण सांगतो. फाइलीत एकच नाव तुम्ही तिसऱ्यांदा टाइप करत असाल, तर थांबा. आणि दोन फाइली एकदम उघडून एकीतला क्रमांक दुसरीत शोधणारा लूप लिहीत असाल, तर तुम्ही डेटाबेस लिहायलाच बसला आहात, फक्त वाईट लिहीत आहात.

मग डेटाबेस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सर्व्हर येतो, पासवर्ड येतो, रात्री दोन वाजता बंद पडणारी सेवा येते. ही भीती खरी होती, आणि तिच्यावरचा उपाय कसा निघाला ती गोष्ट आम्हाला फार आवडते. २००० साल. रिचर्ड हिप नावाचे अमेरिकन प्रोग्रामर त्यांच्या नौदलाच्या ऑस्कर ऑस्टिन या विनाशिकेसाठी लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. माहिती इन्फॉर्मिक्स या मोठ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये. सर्व्हर बंद असला की हिप यांचा प्रोग्राम पडद्यावर दाखवायचा, सर्व्हरशी जोडता येत नाही. पडद्यावर संदेश त्यांच्या प्रोग्रामचा, म्हणून बोलणी त्यांनाच. तेव्हा त्यांच्या मनात आलं, मधला सर्व्हरच काढून टाकला आणि प्रोग्रामने थेट तबकडीवरची फाइल वाचली तर? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एसक्यूलाइटची पहिली आवृत्ती आली.

म्हणजे गंमत बघा, आपण आज ‘फाइल की डेटाबेस’ विचारतो आहोत, आणि एसक्यूलाइट ही स्वतः एक फाइलच आहे. पेनड्राइव्हवर टाका, ईमेलने पाठवा. त्याचे कर्तेच म्हणतात की आमची स्पर्धा मोठ्या डेटाबेसशी नाही, फाइल उघडण्याच्या साध्या आज्ञेशी आहे. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते आहे. पायथनमध्ये २००६ च्या २.५ आवृत्तीपासून ते सोबतच येतं, वेगळं काही बसवायला नको. आणि कोणाच्या मालकीचं नाही, सार्वजनिक आहे.

आता मूळ प्रश्न: लिहिता लिहिता लाइट गेली तर? एसक्यूलाइटची नेहमीची रीत आपल्या नोंदवहीच्या भाषेत सांगतो. समजा ग्रंथपालांना नोंदवहीचं ५२ वं पान खोडून बदलायचं आहे. खोडण्याआधी ते त्या पानाची नक्कल एका वेगळ्या कागदावर उतरवतात आणि तो कागद वहीजवळ ठेवतात. मग पान बदलतात. सगळं नीट झालं की नकलेचा कागद फाडून टाकतात. आता मध्येच काही झालं आणि ते उठून गेले, तर दुसऱ्या दिवशी येणारा माणूस बघतो, वहीजवळ कागद पडलेला आहे, म्हणजे काम अर्धवट राहिलंय. तो नकलेवरून पान पूर्वीसारखं करतो आणि मग कामाला लागतो. बस, एवढंच. तो नकलेचा कागद म्हणजे डेटाबेसशेजारी दिसणारी, नावाच्या शेवटी ‘जर्नल’ असलेली फाइल.

म्हणून एक कळकळीची विनंती. संगणक मध्येच बंद पडला आणि नंतर तुम्हाला ती जर्नल फाइल दिसली, तर कचरा समजून काढू नका. आमच्यातल्या एकाने टापटीप म्हणून काढली होती. नशीब, चाचणीचा डेटा होता.

या सुरक्षिततेची किंमत असते, ती लपवायला नको. फायरफॉक्स ब्राउझर पूर्वी तुमच्या खुणा एका साध्या एचटीएमएल फाइलीत ठेवायचा. २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत खुणा आणि पाहिलेल्या पानांचा इतिहास एसक्यूलाइटमध्ये गेला. फायदा उघड होता, शोध एकदम चपळ झाला. पण ती आवृत्ती चाचणीत असताना लिनक्सवरच्या लोकांनी तक्रार केली की ब्राउझर मध्येच सेकंदच्या सेकंद गोठतो. कारण? पान उघडलं की इतिहासात नोंद, नोंद केली की एफसिंक, आणि त्या वेळच्या ईएक्सटी३ वर एका फाइलीचा एफसिंक म्हणजे इतरांचंही बरंचसं रेंगाळलेलं लिखाण आधी उतरवणं. लिखाणाच्या खेपा कमी करून त्यांनी मार्ग काढला. ज्या ईएक्सटी३ ची ‘ती तर मजकूर गमवत नव्हती’ म्हणून पुढच्या वर्षी आठवण काढली गेली, तीच ही. सुरक्षित आणि सावकाश हे एकाच गुणाचे दोन चेहरे होते.

आपल्यासाठी यातला धडा व्यवहाराचा आहे. फिरत्या तबकडीचा संगणक असेल, मिनिटाला ७,२०० फेऱ्यांचा, तर सेकंदाला १२० फेऱ्या होतात. प्रत्येक पक्क्या नोंदीला साधारण दोन फेऱ्या लागतात, म्हणजे सेकंदाला साठेक नोंदी. आमची ४,२०० पुस्तकं एकेक करून पक्की केली, तर सत्तर सेकंद. तीच सगळी एका व्यवहारात, ट्रान्झॅक्शनमध्ये, बांधून टाकली तर पापणी लवायच्या आत. नवशिके ‘डेटाबेस फार हळू आहे’ म्हणतात तेव्हा दहात नऊ वेळा हेच झालेलं असतं. आता घनस्थिती डिस्कवर आकडे खूप वेगळे येतात, पण दोन पद्धतींतलं अंतर तिथेही जाणवतं.

आणखी काही खड्डे आहेत, ते पटकन सांगतो. एसक्यूलाइटमध्ये पूर्णांकाच्या रकान्यात ‘००७’ टाकलंत तर त्याचं ७ होतं. दाखल क्रमांक, पिनकोड, फोन नंबर हे आकडे दिसले तरी ते मजकूर आहेत, मजकुराच्या रकान्यातच ठेवा. तक्त्यांमधले दुवे तपासण्याची सोय मुळात बंद असते, प्रत्येक जोडणीत फॉरेन कीज ही सूचना देऊन ती चालू करावी लागते. नाही तर अस्तित्वात नसलेल्या सभासदाला खुशाल पुस्तक देता येतं. आम्ही दिलंय. आणि नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये डेटाबेसची फाइल ठेवून दोन संगणकांवरून उघडू नका. तिथली कुलपं भरवशाची नसतात, त्याचे कर्तेही हेच सांगतात. आम्ही शेवटी बाहेरच्या संगणकावर डेटाबेस ठेवला आणि आतल्या खोलीतल्या ताईंना ब्राउझरमधून दिसणारं एक साधं पान करून दिलं. लिहिणारा प्रोग्राम एकच राहिला. त्याच यंत्रावर दोन प्रोग्राम असले तरी हरकत नाही, वाचणारे कितीही असू देत, लिहिणारा एका वेळी एकच, आणि रांग एसक्यूलाइट लावतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण ही इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आमच्या वाचनालयात ‘वाऱ्यावरची वरात’ शोधलं तर पुस्तक सापडायचं नाही, कपाटात मात्र असायचं. कारण त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडची प्रमाणीकरणाची सोय वापरली तरी हे दोन एक होत नाहीत. तसंच क्रम लावताना: युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय, आपण तो ह च्या नंतर म्हणतो. त्यामुळे यादीत ‘काळ’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो. मराठी शब्दकोशाची सवय असलेला ग्रंथपाल म्हणतो, तुमच्या संगणकाला बाराखडी येत नाही. बरोबरच आहे. या दोन्ही बाबतींत फाइल घ्या नाही तर डेटाबेस घ्या, काही फरक नाही. माहिती आत घेतानाच ‘ऱ्या’चं एक रूप करून घ्यायचं, आणि क्रमासाठी स्वतःचा नियम लिहून द्यायचा. एसक्यूलाइटमध्ये असा नियम पायथनमधून जोडता येतो, हा त्याचा एक गुण.

आणि हो, एक्सेल. बरेच जण म्हणतील की तुम्ही दोनच पर्याय सांगितले, आमचं तर सगळं एक्सेलमध्ये आहे. बघायला ते छान आहे. पण सीएसव्ही त्यात उघडून पुन्हा जतन करताना सांभाळा. मराठीची यूटीएफ-८ सीएसव्ही, सुरुवातीची खूण नसेल तर, त्यात उघडल्यावर अगम्य चिन्हं दिसतात. आणि तारखेसारखं दिसलं की ते तारीखच करून टाकतं. मानवी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये नियम प्रसिद्ध केले, त्यात ‘सेप्ट१’ सारखी नावं बदललेली होती, कारण एक्सेल त्याची १ सप्टेंबर करत होतं. एक्सेल बदलेल याची वाट बघण्यापेक्षा त्यांना जनुकांची नावं बदलणं सोपं वाटलं!

श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली आहे: ‘डेटाबेस पंचवीस वर्षांनी उघडेल का? साधी फाइल तर नक्की उघडेल.’ प्रश्न चांगला आहे. एसक्यूलाइटच्या तिसऱ्या आवृत्तीचा साचा २००४ चा आहे, तेव्हाच्या फाइली आजही उघडतात, आणि २०५० पर्यंत आधार देण्याचा त्यांचा जाहीर इरादा आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माहितीसंच जपण्यासाठी शिफारस केलेल्या साच्यांत सीएसव्हीही आहे आणि एसक्यूलाइटही. तरी आमचा सल्ला विचाराल तर दोन्ही करा. डेटाबेसमध्ये काम करा आणि त्याची साध्या मजकुरातली प्रत काढून ठेवा. पूर्ण डेटाबेस मजकूर म्हणून ओतून देणारी ‘डम्प’ नावाची आज्ञा त्यासोबतच येते. प्रोग्राम चालू असताना फाइल नुसती कॉपी-पेस्ट मात्र करू नका, अर्धवट प्रत मिळू शकते. त्यासाठी ‘बॅकअप’ नावाची वेगळी आज्ञा आहे.

पाऊस मोजणारा आमचा मित्र अजूनही फाइलीतच लिहितो, आणि त्याने बदलावं असं आम्हाला वाटत नाही. वाचनालय एसक्यूलाइटवर आहे. रात्री बंद करताना प्रोग्राम स्वतःच मजकुराची प्रत दोन पेनड्राइव्हवर काढतो, एक कपाटात राहतो, एक ग्रंथपालांच्या घरी जातो. आणि टेबलावर एक साधी वहीसुद्धा ठेवली आहे. लाइट गेली की त्यात लिहायचं, आली की संगणकात भरायचं, आणि भरलेल्या ओळीवर बरोबरची खूण करायची.